खूरप्रेमींसाठी प्रवेशिका

वाघ पाहायला निघालेल्यांनी ही प्रवेशिका वाचायची गरज नाही. त्यांच्यासाठी गाइड आहेत, जिप्सी आहेत, ऑनलाइन बुकिंग आहे आणि 'साइटिंग' झालंच तर रात्री टाकायला स्टेटस आहे. ही आहे त्या एखाद्या चुकार पर्यटकासाठी, जो ताडोब्यात मोहर्ली गेटातून आत शिरल्या शिरल्या चितळांचा कळप पाहून 'थांबा, थांबा' म्हणतो आणि ज्याला मागच्या सीटवरून ऐकून घ्यावं लागतं, 'अहो, चितळंच आहेत. गाडी पुढे घ्या.'

तुमच्या बाबतीत असं घडलं असेल आणि गाडी पुढे गेल्यावरही तुमची मान मागेच वळलेली राहिली असेल, तर लक्षणं स्पष्ट आहेत. घाबरू नये. या ओढीवर उतारा नाही, पण तिला थोडंफार वळण लावता येतं.

धडा पहिला: अपमान गिळणे

खूरवाल्यांचा चाहता होणं म्हणजे कायम दुसऱ्या पंगतीला बसणं. वाघांना नावं असतात: माया, मटकासुर, छोटी तारा. चितळांना आकडे असतात, तेही अंदाजे. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, पहिल्या नवांत आपलं मेळघाटही होतं. चितळ प्रकल्प सुरू व्हायचा आहे. महाराष्ट्राने राज्यप्राणी निवडला तो शेकरू, जो झाडावर राहतो आणि ज्याच्या पायाला खूर नाहीत. हे सगळं शांतपणे घ्यायला शिकावं.

जंगलात चितळ ओरडलं की मात्र सगळ्या जिप्स्या जागच्या जागी थबकतात. 'कॉल आहे, कॉल!' चितळ बिचारं शेपटी उभारून, पुढचा पाय जमिनीवर आपटत ज्या झुडपाकडे टक लावून बघत असतं, त्या झुडपाकडे सगळे कॅमेरे वळतात. चितळाकडे एकही नाही. सांबराच्या 'ढांक'ला तर जास्तच भाव, कारण चितळं कशालाही दचकतात, सांबर उगाच तोंड उघडत नाही, असं गाइड सांगतात. अशा वेळी झुडूप इतरांवर सोडून तुम्ही दुर्बीण सांबरावर लावावी. गळ्याखाली, मान छातीला मिळते तिथे, केस झडलेला, रक्ताळल्यासारखा लाल चट्टा दिसतो का पाहावं. नवखा माणूस 'अरे, जखम झालीय, कुणाला तरी कळवा' म्हणून धावपळ करतो. कळवू नये. पुष्कळ सांबरांना हा चट्टा असतो, विशेषतः माजाच्या काळात, आणि त्याचा संबंध तिथल्या ग्रंथीशी असावा असं अभ्यासक मानतात. वाघ दिसला नाही म्हणून बाकीची गाडी हळहळत परतेल. तुमच्याकडे निदान चट्टा तरी असेल.

साहित्य

मातकट रंगाचे कपडे, दुर्बीण, वही, पेन्सिल (दव पडलेल्या कागदावर पेन रुसतं), पाण्याची बाटली आणि एक काडी. काडी कशाला ते पुढे कळेल. सोबत आणू नये: अत्तर, पांढरा शर्ट, ब्लूटूथ स्पीकर, चितळांना भरवायला बिस्किटं, आणि १९८० साली आपण काय काय पाहिलं ते सांगणारे काका.

धडा दुसरा: सगळ्यांना हरीण म्हणू नये

आधी शिंगांकडे बघावं. ज्यांच्या शिंगांना फाटे फुटतात ती चितळ-सांबरांची मंडळी. शिंगं फक्त नरांना, आणि तीही दरवर्षी गळतात, मखमली कातडीखाली नव्याने वाढतात. भेकराची छोटी असली तरी नियम तोच. ज्यांची शिंगं बिनफाट्याची, मग ती सरळ असोत, वाकडी असोत की पिळाची, ती जन्मभर टिकतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा, नीलगाय, गवा हे या दुसऱ्या घराण्यातले.

गळून पडलेलं सांबरशिंग रानात सापडलं तर उचलू नये. आजीच्या बटव्यात ते उगाळायला असायचं हे खरं. पण आता ते कायद्याने सरकारी मालमत्ता आहे, आणि सरकारच्या आधी त्यावर साळिंदराचा हक्क आहे. कॅल्शियमसाठी साळिंदरं पडलेली शिंगं कुरतडतात. एखाद्या शिंगावर छिन्नीने कोरल्यासारखे समांतर ओरखडे दिसले की समजावं, इथे रात्री कुणीतरी जेवलंय. फोटो काढावा, शिंग होतं तिथेच ठेवावं.

ओळखीला सगळ्यात सोपा गवा. जगातल्या रानगुरांत याच्याहून मोठं कुणी नाही, पूर्ण वाढलेला बैल हजार किलोच्या घरात जातो आणि पायात पांढरे मोजे घालून हिंडतो. तरीही राधानगरी-दाजीपूरच्या रस्त्याला संध्याकाळी 'कुणाची तरी म्हैस सुटलीय' म्हणून गाडीतून उतरणारे लोक निघतात. उतरू नये.

सगळ्यात अवघड पिसोरी. वजन जेमतेम तीन-चार किलो, म्हणजे बऱ्यापैकी घरमांजराएवढं, आणि तरी खूर शाबूत. शिंगं नाहीतच, त्याऐवजी नराला वरच्या ओठाखालून डोकावणारे सुळे. सह्याद्रीच्या दाट झाडीत, रात्री, पाचोळ्यातून हे प्रकरण चालतं. पिसोरी पाहिली असं कुणी पहिल्याच सहलीत सांगू लागलं तर मान डोलवावी, वाद घालू नये.

चौशिंग्याच्या नराला चार शिंगं असतात, मागची दोन बऱ्यापैकी, पुढची दोन नुसती बोंडं. रानातल्या दुसऱ्या कुठल्याही प्राण्याला ही चैन नाही. पण मादीला एकही नसतं आणि तुम्हाला नेमकी मादीच दिसेल, तेव्हा या माहितीवर फार विसंबू नये.

आणि काळवीट. काळवीट बघायला जंगल लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीला जावं. अभयारण्य १९८० सालचं, क्षेत्र सव्वादोन चौरस किलोमीटरही नाही. थंडीत सकाळी धुकं विरताना नर माना ताठ करून, कान पाडून, शेपटी पाठीवर वळवून माद्यांसमोरून असे चालतात की लग्नातल्या वराच्या मामाने शिकून घ्यावं. पाठीवरचा काळा रंग वयाने येतो. पोरगेल्या नरांची पाठ तपकिरीच असते आणि त्यांना कुणी विचारत नाही. कुत्रं मागे लागलं की कळप आधी उंच उंच उड्या घेतो आणि मग पळतो. ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास. एवढी घाई कुणासाठी, असा प्रश्न पडायला हवा. या माळांवर एके काळी चित्ता होता. भारतातून तो संपल्याचं १९५२ साली जाहीर झालं, पण काळविटांपर्यंत ती बातमी पोचलेली नाही. ते अजून त्याच हिशेबाने पळतात.

धडा तिसरा: लेंडीशास्त्र

इथे काडीचा उपयोग.

अभ्यासक्रमाचा हा गाभा आहे, आणि नेमकं इथेच निम्मे विद्यार्थी गळतात. प्राणी दिसो न दिसो, लेंडी दिसते. ती पळत नाही, वाऱ्यावर तुमचा वास घेत नाही, फोटोला नाही म्हणत नाही. ताजी लेंडी काळपट हिरवी, चकचकीत असते. एखाद्या दिवसात चमक जाते, पुढे रंग तपकिरीकडे झुकतो, मग भेगा पडतात आणि शेवटी काडीने दाबली की आतून नुसता भुस्सा निघतो. चितळाची लेंडी लहान, एका टोकाला निमुळती. सांबराची त्याच घडणीची पण थोराड. गव्याचा कारभार गाईसारखा, ढिगाचा. नीलगाय, चौशिंगा, चिंकारा, काळवीट ही मंडळी मात्र शिस्तीची: पुन्हा पुन्हा त्याच जागी. काळविटाचा नर तर स्वतःच्या हद्दीतल्या ढिगावर अंग टाकून खुशाल बसतो. आपल्याला हे किळसवाणं वाटतं. त्याच्या लेखी ती हद्दीची खूण आहे आणि शेजारच्या नरांनी वास घेऊन समजायची आहे.

गावाजवळ सराव करताना एक धोका सांभाळावा. बारामती तालुक्यात सुप्याला मयुरेश्वर अभयारण्य आहे, खास चिंकाऱ्यांसाठी. भोवताली मेंढपाळ आहेत, त्यांच्या शेळ्या-मेंढ्या आहेत. नवशिका खूरप्रेमी गुडघे टेकून, पट्टी लावून, तन्मयतेने ज्याचा फोटो काढतो ते पुष्कळदा शेळीचं असतं. अशा वेळी मेंढपाळाला विचारावं. तो लांबूनच सांगतो, हसतही नाही. त्याची बायको हसते.

धडा चौथा: मोजणी

मोजल्याशिवाय प्रेम सिद्ध होत नाही, असा वनखात्याचा दृढ विश्वास आहे आणि तो चुकीचा नाही.

हौशी मंडळींना परवडणारा प्रकार म्हणजे बुद्धपौर्णिमेची रात्र. मे महिन्यातल्या त्या चांदण्यात पाणवठ्याशेजारच्या मचाणावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करायची. वनखातं आता याला 'निसर्ग अनुभव' म्हणतं, आणि ते शहाणपणाचं आहे, कारण एका रात्रीत पाण्यावर किती जनावरं आली यावरून जंगलात किती आहेत ते कळत नाही. तहानलेलं चितळ दोनदाही येऊ शकतं. अनुभव मात्र नक्की मिळतो: डासांचा, खालच्या वनमजुराच्या घोरण्याचा आणि पहाटे चारला बसून बसून पायाला आलेल्या मुंग्यांचा. नोंदवहीत बहुतेकजण लिहितात, 'वाघ नाही, बिबट नाही, रात्र कोरडी गेली.' त्या कोरड्या रात्रीत सांजेला चितळं येऊन गेलेली असतात, रानडुकरांनी चिखल घुसळलेला असतो आणि मध्यरात्रीनंतर एक सांबर पोटापर्यंत पाण्यात उभं राहून, कान फिरवत, अर्धा तास पाणवनस्पती खात असतं.

खरी मोजणी वेगळी. २००६ पासून दर चार वर्षांनी देशभर व्याघ्रगणना होते आणि लोकांना वाटतं की तीत वाघच मोजतात. तीच माणसं वाघाचं खाद्यही मोजतात. वनरक्षकाच्या बीटमध्ये, म्हणजे त्याच्या राखणीच्या टापूत, दोन किलोमीटरची सरळ रेषा आखलेली असते. तिला सगळे ट्रान्झेक्ट लाइन म्हणतात. वनरक्षक पहाटे त्या रेषेवरून चालतो. कळप दिसला की किती जनावरं, किती अंतरावर, होकायंत्रावर किती अंशात, हे टिपतो. दर चारशे मीटरला थांबून झाडोरा आणि लेंड्या बघतो. पुढची गंमत गणिताची. रेषेजवळची जनावरं नजरेतून सहसा सुटत नाहीत, जसजसं अंतर वाढतं तसतशी सुटत जातात. किती अंतरावर किती दिसली याचा आलेख काढला की न दिसलेली किती असावीत ते काढता येतं. म्हणजे झुडपाआड बसून ज्या भेकराने तुम्हाला साफ चकवलं, तेही हिशेबात धरलं जातं.

हे आकडे कशाला हवेत? उल्हास कारंथ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी नागरहोळेत वर्षानुवर्षं काम करून जो हिशेब रूढ केला तो असा: एका वाघाला वर्षाला चितळाएवढी साधारण ५० जनावरं लागतात. कळप न आटता दरसाल एवढी पुरवायची तर पाठीशी ५०० च्या आसपास हवीत. तेव्हा पुढच्या वेळी मागच्या सीटवरून 'चितळंच आहेत' आलं, तर मागे वळून नम्रपणे विचारावं, 'अजून किती मोजू? पाचशे झाली की तुमचा एक वाघ निघतो.'

इथेच एक कडू घोट. खूरप्रेमीने वाघाचा, लांडग्याचा, रानकुत्र्याचा राग करू नये. शिकारी काढून घेतले की काय होतं ते अंदमानात जाऊन बघावं. इंग्रजांनी तिथे चितळं नेऊन सोडली. खाणारं कुणी नाही, पोहता येतं. ती बेटाबेटांवर पसरली आणि जंगलातली कोवळी रोपं उगवताक्षणी संपवू लागली. चितळ तेच, गोड डोळ्यांचं, ठिपक्यांचं. तिथे त्याला उपद्रव म्हणतात.

धडा पाचवा: झाडे लावू नयेत

होय, बरोबर वाचलंत.

खूरप्रेमाच्या पहिल्या उमाळ्यात माणूस माळरानावर जातो, तिथे झाड दिसत नाही म्हणून हळहळतो आणि पावसाळ्यात रोपं घेऊन येतो. सोबत बॅनर असतो. काळवीट लांबून बघत असतं. त्याला लांबवरचं दिसायला हवं, पळायला मोकळं हवं आणि खायला आखूड गवत हवं. तुम्ही त्याच्या दिवाणखान्यात कपाटं आणून ठेवताय. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य झालं, तिथे काळविटंही आहेत. अशा माळांवर पूर्वी लावलेली उंदीरमारी आज माळाचा जीव घोटते आहे. कागदोपत्री माळाला 'पडीक' म्हणण्याची आपली जुनी सवय आहे. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळ ही नावं ज्याला येतात त्याला तिथे पडीक काही दिसत नाही.

घनदाट जंगलातही कथा गवताचीच. कान्ह्याचा बारशिंगा हे त्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण. मध्य भारतातला हा कडक जमिनीवरचा बारशिंगा जवळपास फक्त गवतावर जगतो आणि उंच गवतात पाडसं दडवतो. १९७० च्या मोजणीत कान्ह्यात ६६ उरले होते, आणि जगात दुसरीकडे कुठे नव्हतेच. मग काय केलं? शिकारी प्राणी आत येणार नाहीत असं कुंपण घालून काही बारशिंगे वाढवले, कुरणं राखली, जंगलाच्या गाभ्यातली गावं हलली आणि त्यांच्या शेतांची मैदानं झाली, आगी आणि चराई आवरली. ही कामं दशकानुदशकं चालली. त्यांतल्या एकाचाही सिनेमा निघण्यासारखा नाही. २०१५ पर्यंत कान्ह्यातून बारशिंगे सातपुड्यात नेऊन सोडता येतील एवढे झाले. २०१७ साली कान्ह्याने आपलं शुभचिन्ह जाहीर केलं तेव्हा वाघाला बाजूला ठेवून 'भूरसिंग बारशिंगा' निवडला. खूरप्रेमींच्या इतिहासात हा दिवस सुवर्णाक्षरांनी लिहावा, निदान पेन्सिलीने तरी.

नवशिक्याने स्वतः काय करावं? तण उपटावं. ताडोब्यात जामणीसारखी गावं उठून गेली, तिथे आता कुरणं आहेत आणि चितळं, गवे तिथे चरतात. पण रिकाम्या शेतावर गवत आपोआप मनासारखं येत नाही. आधी येतो तरोटा, मग रानतुळस, कडेने घाणेरी. रानतुळशीला छान वास येतो, चितळ तिला तोंड लावत नाही. ती उपटायची वेळ ठरलेली: पाऊस ओसरताना, फुलोऱ्यावर असताना, बी धरण्याआधी. दोन आठवडे उशीर झाला तर तुम्ही उपटत नसून पेरत असता. काम कमरेचं आहे. हातांना दोन दिवस वास राहतो. सेल्फीत मागे फक्त तणांचा ढीग येतो.

इशारा: वाचवू नये

गवतात, एकटं, निपचित पडलेलं पाडस दिसलं तर ते अनाथ नसतं. काळवीट, चिंकारा, चितळ यांच्या माद्या पिलू दडवून चरायला जातात. पिलाला जवळजवळ वास नसतो, ते हलत नाही, हीच त्याची सुरक्षा. आई लांबून बघत असते, आणि तुम्ही तिथे उभे आहात म्हणून येत नसते. ते उचलून घरी आणणं, बाटलीने गाईचं दूध पाजणं, मुलांसोबत फोटो काढणं आणि आठ दिवसांनी ते मेल्यावर 'आम्ही खूप प्रयत्न केले' म्हणणं, हा गुन्हाही आहे आणि मूर्खपणाही. आल्या पावली मागे फिरावं. कुत्र्यांनी घेरलेलं असेल किंवा खरोखर जखमी असेल तर वनखात्याला १९२६ वर फोन करावा.

मोठ्या जनावराचं त्याहून नाजूक. ९ डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडमध्ये गवा शिरला. सकाळपासून हजारो माणसं, मोबाइल, आरडाओरडा, धावपळ. गवा भिंतींवर, फाटकांवर आपटत राहिला आणि शेवटी पकडला गेल्यावर मेला. खूरवाल्या प्राण्यांत भीतीने आणि अति पळण्याने स्नायूच विरघळू लागतात, अंगाचा ताप चढतो, रक्तात आम्ल साठतं आणि हृदय थांबतं. डॉक्टर याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. काही वेळा जनावर सुटून गेल्यावर काही दिवसांनीही मरतं, म्हणजे टाळ्या वाजवून सगळे घरी गेलेले असतात तेव्हा. त्याच महिन्यात बावधनच्या बाजूला दुसरा गवा दिसला. या वेळी गर्दी दूर ठेवली आणि गवा आपल्या पायांनी टेकडीकडे निघून गेला. या बचावकार्यात नागरिकांचं योगदान म्हणजे ते आपापल्या घरी बसले.

जनावरं हलवायचीच असतील तर हात न लावता हलवण्याची आफ्रिकेतली रीत मध्य प्रदेशात रुळली आहे: बोमा. कापडी भिंतींचं मोठं नरसाळं उभारतात, रुंद तोंडातून कळप आत येतो, पुढे वाट अरुंद होत जाते आणि शेवटी फळीवरून थेट ट्रकमध्ये. पेंचची चितळं अशीच दुसऱ्या जंगलांत गेली. बांधवगडला मात्र भूल द्यावी लागली, कारण पाहुणे गवे होते. तिथले गवे नव्वदच्या दशकाअखेरीस पार नाहीसे झाले होते. २०११ च्या जानेवारीत कान्ह्याहून १९ गवे आणून सुरुवात केली, पुढच्या वर्षी आकडा ५० वर नेला.

प्रात्यक्षिक: गाईला लस

'मला गव्यांसाठी काहीतरी करायचंय' म्हणणाऱ्याला सिरिंज हातात दिली की तो गोंधळतो. १९६८ साली बंडीपूरच्या जंगलात बुळकांड्या शिरला आणि गवे पटापट मेले. रोग गुरांचा होता. बुळकांड्या आता जगातून गेला, २०११ साली तसं जाहीर झालं, पण लाळ्या-खुरकूत आहेच. जंगलालगतच्या गावात गुरांना लस टोचली जाते तेव्हा त्याच तळ्यावर पाणी पिणारा गवाही वाचतो. तेव्हा खूरप्रेमीने पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांशी ओळख वाढवावी, लसीकरणाच्या दिवशी गुरं धरायला जावं. गवा दिसणार नाही. लाथ खावी लागेल.

धडा सहावा: एक रात्र बांधावर

इथवर आलात तर आता प्रेमाची कसोटी. डिसेंबरात विदर्भातल्या एखाद्या हरभऱ्याच्या शेतात रात्र काढावी. तिथे नीलगायीला रोही म्हणतात. शेताभोवती जुन्या साड्या बांधलेल्या असतात, लाल, पिवळ्या, एखादी लग्नातली जरीची. कडेने केस कापण्याच्या दुकानातून आणलेले केस पसरलेले, रानडुक्कर हुंगून परत जावं म्हणून. मचाणावर घोंगडी, बॅटरी, पत्र्याचा डबा. अकराच्या सुमारास रोही येतात. डबा बडवला की चार पावलं मागे सरतात, थांबतात, बघतात आणि डबा थांबला की पुन्हा आत. जातात तेव्हा जेवढा हरभरा खाल्ला त्याहून जास्त तुडवलेला असतो.

त्या रात्री शेतकऱ्याला 'आपणच त्यांच्या जंगलावर अतिक्रमण केलंय' हे वाक्य ऐकवू नये. त्याच्या आजोबांनी फोडलेली जमीन आहे, तुमचा फ्लॅट कुठल्या नाल्यावर आहे ते त्याने विचारलेलं नाही. त्याऐवजी उपयोगी पडावं. नुकसानभरपाईचा अर्ज वेळेत भरून द्यावा: सातबारा, पासबुक, फोटो, पंचनामा. जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं, त्याचा पाठपुरावा करावा. अशा कुंपणाच्या झटका मशीनचा धक्का जनावराला हुसकतो, मारत नाही. लाइनवरून आकडा टाकून तारेत सोडलेला करंट मात्र रोही, रानडुक्कर, वाघ आणि पहाटे बांधावरून जाणारा शेजारी यांत फरक करत नाही. आकडा निघायला हवा असेल तर आधी मशीन पोचायला हवं, इतका हा साधा व्यवहार आहे.

शेतातली बिनकठड्याची विहीर दिसली तर वहीत टिपावी. पळणारी काळविटं रात्री तीत पडतात. गोसीखुर्दच्या कालव्यांच्या गुळगुळीत सिमेंटच्या भिंतींवर खूर ठरत नाहीत. उतरलेलं चितळ वर येत नाही. रस्त्याचं उदाहरण मात्र थोडं आशेचं आहे. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली जनावरांसाठी मार्ग ठेवले. वाघ जातो का बघायला कॅमेरे लावले. वाघ गेलाच, त्याच्या बातम्याही झाल्या. पण कॅमेऱ्यांत सगळ्यात जास्त वेळा आली ती चितळं.

परिशिष्ट: रानडुक्कर

रानडुकरालाही खूर असतात. हा मुद्दा बहुतेक मार्गदर्शिका शेवटी, बारीक टायपात घालतात. आम्हीही तेच केलं आहे. त्याच्या डोळ्यांवर कुणी कविता केलेली नाही. ते कंद, मुळं, अळ्या शोधत जमीन उकरतं, भुईमुगाचा वाफा एका रात्रीत उलथतं, उसात बिऱ्हाड करतं आणि एका वेताला चार-सहा पिलं काढतं. वाघ, बिबट्या, रानकुत्री या सगळ्यांच्या पोटाला मात्र ते लागतं. मादी विण्याआधी गवत आणि काटक्या ओढून आणून घरटं रचते, वरून छत घालते. पिलांच्या अंगावर लांब पट्टे असतात, जणू कुणी हौसेने स्वेटर विणलेत.

अंतिम परीक्षा तोंडी आहे. भुईमूग लावलेल्या शेतकऱ्यासमोर उभं राहून रानडुकराबद्दल पाच चांगली वाक्यं बोलावीत. परीक्षक तोच. उत्तीर्ण होण्यासाठी त्याने चहा पाजणं आवश्यक आहे.